मेल फ्रॉड शिकायला घेताना

अमेरिकेत एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला, येण्याआधी मी पुण्यात दोन वर्षं एका फौजदारी वकिलांकडे ज्युनिअर होते. लाचेची केस म्हटली की डोळ्यांसमोर सापळा यायचा: पावडर लावलेल्या नोटा, दोन पंच, आणि सोड्याच्या पाण्यात बोटं बुडवली की गुलाबी होणारं पाणी. इथे मात्र राज्यातल्या पुढाऱ्यावर केंद्राचा, म्हणजे फेडरल, खटला चालतो तो बरेचदा एका टपालावरून. राज्यातला भ्रष्टाचार हा मुळात राज्याचा विषय, टपाल केंद्राचं. म्हणून 1872 मध्ये सुरुवात झालेला मेल फ्रॉडचा, म्हणजे टपाल वापरून केलेल्या फसवणुकीचा, कायदा, आजचं कलम 1341, सरकारी वकिलांच्या हाती लागला. फसवणुकीच्या योजनेत एक चेक टपालाने गेला तरी पुरतं.

माझा पहिला पेपर मॅकनॅली खटल्यावर होता. केंटकी राज्याच्या विम्याचं काम एका एजन्सीला द्यायचं आणि तिच्या कमिशनचा वाटा आपल्याच माणसांच्या कंपनीकडे वळवायचा, असा तो प्रकार. मी आठ पानं पोटतिडकीने लिहिली. प्राध्यापकांनी समासात दोनच शब्द लिहिले होते: ‘प्रॉपर्टी कुठे?’ मला वाईट वाटलं, पण निकाल पुन्हा वाचल्यावर चूक दिसली. विमा स्वस्तात मिळाला असता, राज्याचा पैसा बुडाला, असं ज्युरीपुढे मांडलंच गेलं नव्हतं. हे कलम पैसा-मालमत्तेच्या फसवणुकीपुरतं आहे, प्रामाणिक कारभाराचा जनतेचा हक्क त्यात बसत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 1987 मध्ये सांगितलं. पुढच्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तो हक्क कलम 1346 मध्ये घातला, अवघ्या 28 इंग्रजी शब्दांत. ते पाठ करा. खरंच करा, कारण पुढची सगळी भांडणं त्यांच्यावरच आहेत. 2010 च्या स्किलिंग निकालाने त्यांचा अर्थ लाच आणि किकबॅक (काम दिल्याबद्दल परत मिळणारा वाटा) एवढाच ठेवला.

त्यानंतर 2020 चा केली निकाल घ्या. 2013 च्या सप्टेंबरात न्यू जर्सीत, फोर्ट ली गावच्या महापौरांनी गव्हर्नरला पाठिंबा दिला नाही म्हणून गव्हर्नरच्या माणसांनी जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरच्या त्या गावच्या तीन लेन एकीवर आणल्या. चार दिवस शाळेच्या बस, अँब्युलन्स अडकल्या. आरोप वायर फ्रॉडचा, म्हणजे टपालाऐवजी फोन-ईमेलवरून केलेल्या फसवणुकीचा, याच कायद्याच्या भावंडाचा. लाच नाही, आणि सरकारची मालमत्ता लाटणं हा हेतूही नाही, म्हणून शिक्षा एकमताने रद्द. मला आजही हा निकाल बोचतो, पण कलमाचे शब्द पाहता दुसरं उत्तर मला सापडलेलं नाही.

वाचताना निकालाआधी दोषारोपपत्र आणि ज्युरीला दिलेल्या सूचना काढा. कोर्टांच्या संकेतस्थळांवर बरंच मिळतं. व्हर्जिनियाचे माजी गव्हर्नर मॅकडॉनेल यांची शिक्षा 2016 मध्ये रद्द झाली ती लाचेच्या बदल्यात करायची ‘अधिकृत कृती’ म्हणजे काय हे ज्युरीला चुकीचं समजावल्यामुळे. एका उद्योजकाने दिलेलं घड्याळ, कर्ज, त्याच्यासाठी घडवलेल्या भेटीगाठी, सगळं रेकॉर्डवर होतं. मी आता प्रत्येक केसच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने तीन रकाने आखते: कोणाचं काय गेलं, त्या बदल्यात काय केलं, टपालात काय पडलं. एखादा रकाना रिकामा राहिला की अपील बहुतेक तिथूनच सुरू झालेलं असतं.