तिथी बघून पळा

आमच्या घरी उतरलेल्या पाहुण्यांपैकी एखादा तरी रात्री जेवताना विचारतोच, "सकाळी बीचवर पळायला कितीला जाऊ?" उत्तर द्यायच्या आधी मी भिंतीवरचं कालनिर्णय बघते. रस्त्यावर पळायचं तर गजर लावून रोज सहाला निघा, कोण अडवतंय. पण गुहागरच्या वाळूत पळायचं असेल तर वेळ पाण्याला विचारून ठरवायची.

हिशेब सासूबाईंनी शिकवलेला. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. आज चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. तीनच्या सुमारास भरती, आणि त्याच्या सव्वासहा तास आधी-नंतर पूर्ण ओहोटी, म्हणजे नऊच्या आसपास. हे गणित मुंबईकडे चपखल बसतं. आमच्याकडे, दक्षिणेला, भरती जरा लवकर होते, म्हणून मी अर्धा-पाऊण तास अलीकडे धरते. रोज ही वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात, ते बघायला हरकत नाही. पण पाऊणकी जमली की नेटवर्क नसलं तरी अडत नाही.

सकाळी पळणाऱ्यांसाठी सोन्यासारखे दिवस म्हणजे पुनवेपासून किंवा अवसेपासून पुढच्या चतुर्थीपर्यंतचे. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब मागे जातं, आणि ते मागे गेलेलं असतं नेमकं सकाळी. (संकष्टीचा उपास असेल तर मात्र पळून आल्यावर साबुदाण्याच्या खिचडीवर तुटून पडणार, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.) अष्टमी ते दशमी सकाळच्या पळण्याला वाईट. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार वर येत नाही हे खरं, पण पक्क्या वाळूचा पट्टा पाण्याखाली आणि तुमच्या वाट्याला उतरती, भुसभुशीत वाळू. त्या दिवसांत दुपारच्या सुमारास जा, नाहीतर सरळ रस्त्यावर पळा. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघावं. सुकती लागलेली असते, म्हणजे पाणी ओसरत असतं, वाळू निथळत असते आणि परतेपर्यंत पाणी अंगावर येत नाही.

खाली उतरल्यावर लगेच धावत सुटू नका. आधी वाळू बघा. सुरूच्या बाजूची कोरडी वाळू पाय आत ओढते, तिथे फक्त चाला. पाण्याच्या अगदी कडेची आरशासारखी चकाकणारी वाळू पाण्याने तुडुंब असते, टाच रुतते. या दोघींच्या मधली, ओली पण न चकाकणारी, ती आपली. खूण अशी: पाय दाबून टाकला की पावलाभोवतीची वाळू क्षणभर पांढरट, कोरडी दिसते आणि पाय उचलला की पुन्हा काळवंडते. घट्ट बसलेले कण दाबामुळे एकमेकांपासून सरकतात, मधल्या फटी मोठ्या होतात आणि पाणी तिथे शिरतं, म्हणून वरचा थर कोरडा वाटतो. असं वर्तुळ उमटलं की वाळू पक्की समजा. त्याच पट्ट्यात बारीक खेकड्यांनी मांडलेल्या वाळूच्या गोळ्या दिसतील. त्या दिसल्या की पाणी ओसरून बराच वेळ झालाय.

तरीही वाळू ती वाळूच. बेल्जियमच्या संशोधकांनी १९९८ साली मोजून दाखवलं की वाळूत धावायला कठीण जमिनीच्या १.६ पट शक्ती लागते. ते मऊ वाळूचं होतं, पण ओल्या वाळूतही वेग कमी होतो, तेव्हा घड्याळातला पेस विसरा. पुण्याला रोज दहा किलोमीटर पळणाऱ्यांनी इथे पहिल्या दिवशी तीनवर थांबावं. दम लागत नाही म्हणून लोक पुढे जातात आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि टाचेवरची शीर इतकी धरते की जिना उतरवत नाही. पावलं छोटी टाका.

किनारा समुद्राकडे उतरता असतो हेही ध्यानात ठेवा. उत्तरेकडे तोंड करून पळताना डावा पाय सतत खाली पडतो, त्याचा ताण गुडघ्यावर आणि कमरेवर येतो. म्हणून जितकं गेलात तितकंच उलट या. परतताना उजवा पाय खाली येतो, हिशेब फिटतो. काशिदसारख्या उतरत्या किनाऱ्यावर हे जास्तच जाणवतं. नागाव, आक्षीकडे ओहोटीला सपाट पट्टा भरपूर मिळतो; तिकडे भरती-ओहोटीतला फरक आमच्यापेक्षा मोठा, अलिबागला तर ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जातात.

अनवाणी की बूट? मी स्वच्छ पट्ट्यात अनवाणी पळते, तेही उजाडल्यावरच. फुटलेल्या बाटल्या असतातच, पण त्याहून वाईट शिंगाळा माशाचा काटा. रापणीतून, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यातून, नको असलेली मासळी वाळूत टाकतात, ती सुकते आणि हा काटा उभा राहतो. पायात गेला की ठणका लागतो. गरीचे आणि जाळ्याचे तुकडेही भरतीच्या रेषेवर अडकलेले असतात, ती रेषा टाळा. नवख्यांनी जुने, हलके बूट घालावेत. रापण ओढताना दिसली तर दोरावरून उडी मारून जायचं नाही. ओढणाऱ्यांच्या पाठीमागून, वरच्या अंगाने जायचं.

पऱ्या, म्हणजे समुद्राला मिळणारा ओहोळ, ओलांडताना किंवा उथळ पाण्यातून जाताना पाय घसटत न्या, वाळूत दडलेली पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) असली तर ती सरकून जाते. तिचा काटा लागलाच तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा. भरती लागल्यावर खडपाला वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर जाऊ नका, परतीची वाट बंद होते. कुत्री मागे लागली तर धावणं थांबवा, चाला.

सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो आणि ऊन माडांच्या मागे अडतं, त्यामुळे दोन्ही दिशा सारख्याच. संध्याकाळी खारा वारा बहुतेक वायव्येकडून. तेव्हा आधी उत्तरेला निघा, दमल्यावर वारा पाठीशी मिळतो.

थंडीत झुंजूमुंजूच्या आधी पळायला जाणाऱ्यांना एक सांगणं. ऑलिव्ह रिडले कासवं याच वाळूत अंडी घालायला येतात. डोक्याला बांधलेली पांढरी बॅटरी लावून वरच्या वाळूतून पळू नका. कासव दिसलं तर लांब थांबा, फोटोसाठी उजेड टाकू नका, वनखात्याच्या माणसांना कळवा.

जून ते ऑगस्ट मी किनाऱ्यावर पळतच नाही. लाटा वाळू खरवडून नेतात, पट्टा अरुंद आणि तिरका होतो, आणि एखादी लाट अंदाजापेक्षा कितीतरी वर येते. दसऱ्याच्या सुमारास वाळू परत भरू लागते.

घरी आल्यावर बूट त्याच दिवशी विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवा, आतली पट्टी काढून सावलीत वाळवा. उन्हात ठेवलेत तर चिकटवलेला तळवा सुटतो, आणि तो चिकटवायला चिपळूण गाठावं लागतं.