टायटल कुणाकडे जायला हवं होतं? बुकिंगवर वाद घालायची रीत

रेसलमेनिया हा डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा, दोन रात्रींचा कार्यक्रम. कोण कुणाशी लढणार आणि कोण जिंकणार हे कंपनीच आधी लिहिते, त्यालाच बुकिंग म्हणतात. दुसरी रात्र आपल्याकडे पुण्यात सोमवारी पहाटे सुरू होते आणि संपेपर्यंत हिंजवडीला निघायची वेळ झालेली असते. त्यामुळे निकालावरचा पहिला वाद ऑफिसच्या लिफ्टपाशी, अर्धवट झोपेत होतो आणि निम्म्या लोकांनी मॅच पाहिलेलीच नसते. तो वाद टाळा. त्या दिवशी एकच काम करायचं: मॅच संपल्यावर मनात जे पहिलं आलं ते फोनवर दोन ओळींत लिहून ठेवायचं. आठवड्याभरात मत सरकतं आणि आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो असं प्रत्येकाला अगदी मनापासून वाटतं. त्या दोन ओळी पुढे फार उपयोगी पडतात.

खरी बैठक पुढच्या रविवारी सकाळी, हनुमान टेकडीवर किंवा तळजाईला. अमृततुल्यच्या दारात हे जमत नाही, कारण दोन तास सहज लागतात आणि मागे गिऱ्हाईक खोळंबतं. चार ते सहा माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली की एका वादाचे दोन होतात आणि कुणीच कुणाचं ऐकत नाही.

बरोबर तालमीत जाणारा कुणी असेल तर तो पाच मिनिटांत म्हणणारच, "अरे, सगळी नुरा कुस्ती आहे, भांडताय कशाला?" त्याला उडवून लावू नका, तो कामाचा माणूस आहे. जत्रेच्या फडात कुणाची जोड कुणाशी लावायची, शेवटची मोठी कुस्ती कुठली ठेवायची, हे ठरवणारे लोक असतात आणि चुकीची जोड लागली तर प्रेक्षक बोलून दाखवतात, हे त्याला माहीत असतं. इथे जोडीबरोबर निकालही लिहिलेला असतो, एवढाच फरक. तेव्हा कोण जास्त ताकदवान यावर वेळ घालवायचा नाही. हा निकाल आत्ताच, याच माणसाविरुद्ध आणि याच पद्धतीने का लिहिला, तेवढंच विचारायचं.

सुरुवातीला विषय एका वाक्यात लिहून घ्या. "कोडीचं बुकिंग गंडलं" यावर वाद होऊच शकत नाही, कारण प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा महिना असतो. "अमेरिकेतल्या २ एप्रिल २०२३ ला, रेसलमेनिया ३९ मध्ये, रोमन रेन्सला कोडी रोड्सविरुद्ध जिंकवणं चूक होतं" यावर होतो. (रोमन तेव्हाचा चॅम्पियन, कोडी त्याला आव्हान देणारा.) मग त्या तारखेवर रेघ मारा. निर्णय बरोबर की चूक हे ठरवताना रेघेच्या अलीकडचीच माहिती चालेल. "पण पुढच्या वर्षी ४० मध्ये जिंकलाच ना" हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा येतं आणि ते बाद धरायचं. २०२३ च्या एप्रिलमध्ये कुणालाच पुढचं वर्ष दिसत नव्हतं. जानेवारी २०२४ च्या रॉयल रंबलमध्ये सीएम पंकचा ट्रायसेप्स फाटेल, किंवा फेब्रुवारीत रॉकला (कुस्तीतून सिनेमात गेलेला ड्वेन जॉन्सन) मध्ये आणल्यावर लोक कोडीसाठी इतका ओरडा करतील की कार्ड, म्हणजे ठरलेल्या मॅचची यादी, फिरवावं लागेल, हे कोण लिहून ठेवणार होतं?

यानंतर फिनिश, म्हणजे मॅचचा शेवट. इथे घाई करू नका, सगळ्यांनी शेवटची पाच मिनिटं पुन्हा बघा, शक्यतो आवाज बंद करून. कॉमेंटरी आपल्याला काय वाटायला हवं ते सांगत असते. आवाज गेला की रिंगमध्ये नेमकं काय घडलं ते दिसतं. ३९ च्या फिनिशमध्ये कोडीचा हुकमी डाव, क्रॉस रोड्स, दोनदा बसलेला असतो आणि तो तिसऱ्याच्या तयारीत असतो. रोमनचा मॅनेजर पॉल हेमन एप्रनवर (रिंगच्या दोरांबाहेरच्या कडेवर) चढून रेफरीला गुंतवतो, आधी हाकलून दिलेला रोमनचा साथीदार सोलो सिकोआ परत येऊन कोडीच्या गळ्यावर स्पाइक, म्हणजे अंगठ्याचा वार, मारतो, मग रोमनचा स्पिअर (धावत येऊन खांद्याने दिलेली धडक) आणि तीनचा काउंट. म्हणजे कोडी क्लीन, बाहेरच्या मदतीशिवाय, हरलेला नाही. तो रोमनपेक्षा कमी आहे असं कथा म्हणत नाही, रोमन एकटा पुरत नाही असं म्हणते. "कोडीला गाडलं" म्हणणाऱ्याला हे फिनिश तोंडी सांगायला लावा. बऱ्याचदा सांगता सांगताच त्याचा मुद्दा बदलतो.

त्याच वेळी उलट बाजूही तपासा: हेच फिनिश त्या चॅम्पियनने किती वेळा वापरलंय? बाहेरच्या मदतीने जिंकणारा हील (खलनायक) पहिल्या दोन वेळा चीड आणतो, नंतर कंटाळा आणतो. जिंदर महालचं २०१७ चं १७० दिवसांचं राज्य हे त्याचं स्वच्छ उदाहरण. मे महिन्यात बॅकलॅश या कार्यक्रमात रँडी ऑर्टनविरुद्ध त्याचे साथीदार सिंग ब्रदर्स मदतीला, मनी इन द बँकला पुन्हा तेच, बॅटलग्राउंडला पंजाबी प्रिझनमध्ये (बांबूच्या पिंजऱ्यातली मॅच) खली, समरस्लॅमला नाकामुराविरुद्ध परत सिंग ब्रदर्स. पुण्यात जिंदरवर बोलणं लगेच अभिमानाकडे वळतं. तो कॅनडात जन्मलेला, भारतीय वंशाचा, आपला माणूस, ही भावना खरी आहे आणि तिला मान द्यावा. पण त्या राज्यात काय अडलं ते या चार फिनिशमध्येच दिसतं. हरणाऱ्यांच्या यादीतून अचानक वर आणलेल्या माणसाला एक तरी ठाम, स्वतःच्या बळावरचा विजय लवकर द्यायला हवा होता, असं आमचं मत आहे.

आता मुख्य काम. जो म्हणतो चूक झाली, त्याने पर्यायी बुकिंग कागदावर द्यायचं. तोंडी नाही. एक फुलस्केप कागद आडवा धरून पाच रकाने पाडा: महिना, कार्यक्रम, प्रतिस्पर्धी, फिनिश, आणि या निकालाने कुणाचं काय गेलं. रेसलमेनियाच्या आधीचे दोन महिने आणि पुढे समरस्लॅमपर्यंतचे चार, एवढा पट्टा भरायचा. लिहायला वीस मिनिटं पुरतात. चौथ्या रकान्यात "जिंकतो" एवढंच लिहिलेलं चालणार नाही. क्लीन, रन-इन (बाहेरचा कुणी मध्ये घुसणं), रेफरी आडवा, डीक्यू (नियमभंगामुळे बाद) यांपैकी काय ते लिहायचं आणि डीक्यू किंवा काउंट-आउटवर (रिंगबाहेर राहून बाद) टायटल सहसा हातचं जात नाही हे लक्षात ठेवायचं. ते विसरल्यामुळे निम्मे कागद तिथेच फाटतात.

कोडीला ३९ लाच जिंकवणारा कागद भरून बघा. पहिल्या रात्री रोमनच्या टोळीतल्या जिमी आणि जे या उसो बंधूंनी टॅग टायटल (जोडीचं टायटल) सॅमी झेन आणि केविन ओवेन्सला दिलेलं आहे. दुसऱ्या रात्री रोमनही हरला तर ब्लडलाइनकडे, म्हणजे या टोळीकडे, त्या शनिवार-रविवारनंतर एकही पट्टा उरत नाही. मग मे महिन्यात जिमीने रोमनला लाथ मारली, १ जुलैला लंडनमध्ये जेने त्याला पिन केलं (खांदे टेकवून हरवलं), याचं वजन काय उरतं? डिसेंबर २०१९ नंतर रोमनला झालेला तो पहिला पिन होता, म्हणून लंडनचं सभागृह तसं पेटलं. तो क्षण खर्च करून कोडीचा विजय घ्यायचा, हा सौदा आहे, आणि पाचव्या रकान्यात तो स्पष्ट लिहिला पाहिजे. अनेक जण फक्त मिळकतीची बाजू लिहितात. उत्तम कागद आम्हाला वाटतो तो असा: रोमनकडे तेव्हा दोन टायटल होती, त्यातलं एकच पणाला लावायचं. कोडी एक घेऊन जातो, रोमन दुसरं घेऊन घरच्या भांडणाकडे वळतो, आणि एप्रिलअखेर नवं वर्ल्ड हेवीवेट टायटल काढायची गरजच पडत नाही. यावरही आक्षेप आहे: कोडीची कथा अर्धीच पूर्ण होते. त्यावर भांडा, ते भांडण खुशाल तासभर चालू द्या.

हरवणं मान्य करणाऱ्या बाजूलाही कागद भरावा लागतो, तो दुसऱ्या दिवसापासून. हरलेल्याचं पुढे काय, हा बुकिंगचा कस. कोडीला लगेच ब्रॉक लेस्नर अंगावर घातला, तीन मॅच ऑगस्टपर्यंत चालल्या, पण ब्रॉकने हल्ला का केला याचं पटेल असं कारण शेवटपर्यंत आलं नाही. आमच्या मते ३९ चा निकाल एक वेळ चालून जातो, खरा दोष या चार महिन्यांत आहे. कोफी किंग्स्टनच्या बाबतीत हे आणखी ठसठशीत दिसतं. १८० दिवस चॅम्पियन राहिलेला माणूस ४ ऑक्टोबर २०१९ ला ब्रॉककडून काही सेकंदांत हरला. ब्रॉककडून हरणं समजू शकतो, पण त्याच रात्री ब्रॉकचा जुना प्रतिस्पर्धी केन वेलास्केज आला, कथा तिकडे वळली आणि कोफीला साधी परतीची मॅचही मिळाली नाही. ज्या पब्लिकने त्याला सहा महिने डोक्यावर घेतलं होतं, त्यांना रडायलाही एक आठवडा दिला नाही.

दिवसांच्या आकड्यांपासून सावध राहा. रोमनचे १,३१६ दिवस सगळ्यांना पाठ असतात. शेजारी दुसरा आकडा लिहा: त्या काळात टायटल पणाला किती वेळा लागलं. रेसलमेनिया ३९ ते ४० च्या मधल्या मोठ्या कार्यक्रमांत तीनदा: समरस्लॅमला जे उसो, क्राउन ज्वेलला एलए नाइट आणि रॉयल रंबलला चौघांची मॅच. लांबलचक राज्य मोठं की फक्त रिकामं, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावर कळतं. तालमीतला मित्र इथे हमखास रोमनच्या विरुद्ध जातो.

एक गोष्ट मात्र कागदावर मावत नाही, जुन्या धाग्याची. ४० च्या फिनिशमध्ये रोमनच्या हाती खुर्ची येते, समोर कोडी असतो आणि तो वळून शील्ड या त्यांच्या जुन्या त्रिकुटाच्या वेषातल्या सेथ रॉलिन्सच्या पाठीत हाणतो, कारण जून २०१४ मध्ये सेथने त्याला तशीच हाणलेली असते. त्या एका रागापायी तो टायटल घालवतो. तुमच्या पर्यायी बुकिंगमध्ये चॅम्पियन कुठल्या स्वभावदोषामुळे हरतो, हे एका ओळीत सांगता आलं पाहिजे. "क्रॉस रोड्स बसला म्हणून" हे उत्तर धरायचं नाही.

मतदान दोनदा घ्या, चिठ्ठ्यांवर: कागद वाचण्याआधी आणि नंतर. हात वर करून घेतलं तर सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसामागे दोघं जातात. दोन्ही वेळचे आकडे, सोमवारच्या त्या दोन ओळी आणि पर्यायी कागदाचा फोटो तारखेसह ग्रुपवर टाका. समरस्लॅम झाला की पाचवा रकाना पुन्हा उघडायचा.