मॅनेजरचं करिअर नीट कसं बघायचं? एडी हाऊ घेऊन समजून घ्या

फुटबॉलमध्ये मॅनेजरवरून वाद सुरू झाला की कुणीतरी लगेच विन पर्सेंटेज (किती टक्के मॅच जिंकल्या) तोंडावर फेकतो आणि विषय संपला म्हणतो. तो आकडा नंतर बघा. आधी हे शोधा की माणूस आला त्या दिवशी टीम टेबलमध्ये कुठे होती.

इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबचा मॅनेजर एडी हाऊच घ्या ना. 2008 च्या 31 डिसेंबरला बोर्नमथ क्लबने त्याला केअरटेकर म्हणजे तात्पुरता मॅनेजर केलं तेव्हा तो 31 वर्षांचा, टीम लीग टू मध्ये म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या प्रीमियर लीगच्या तीन पायऱ्या खाली, आणि क्लबचा पैशाचा बोजवारा उडालेला म्हणून शिक्षा म्हणून सीझनच मायनस 17 पॉइंट्सवरून सुरू झालेला. त्यात पठ्ठ्या पहिल्या दोन्ही मॅच हरला. तरी एप्रिलमध्ये ग्रिम्सबीला 2-1 हरवून टीम खालच्या लीगमध्ये जाण्यापासून वाचली, शेवटची दहाएक मिनिटं उरलेली असताना स्टीव्ह फ्लेचरने गोल मारला म्हणून. पुढच्याच सीझनला प्रमोशन म्हणजे वरच्या लीगमध्ये बढती, आणि 2015 मध्ये थेट प्रीमियर लीग, तेही जेमतेम अकरा हजारांच्या ग्राउंडवर.

खेळाडू म्हणून काय केलं यावर फार वेळ घालवू नका. हाऊ डिफेंडर होता, 2002 मध्ये पोर्ट्समथचा मॅनेजर हॅरी रेडनॅपने त्याला तिथे नेलं, गुडघा गेला, तिथे दोनच मॅच खेळला आणि 2007 ला बूट काढून ठेवले. एवढं पुरे.

मग पैसा बघा, आणि इथे आवडत्या मॅनेजरलाही सूट द्यायची नाही. बोर्नमथच्या परीकथेत रशियन मालक मॅक्सिम डेमिनचा पैसा होता हे लोक सोयीस्करपणे विसरतात. 2016 ला जॉर्डन आइब या प्लेयरवर क्लबचा तेव्हाचा रेकॉर्ड म्हणजे 1.5 कोटी पाउंड टाकले, हाती फारसं काही लागलं नाही. 2020 ला टीम प्रीमियर लीगमधून खाली गेली आणि हाऊ बाहेर पडला. फॅन असाल तरी हे पान उलटून पुढे जाऊ नका.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. नवीन विकत घेतलेले प्लेयर बाजूला ठेवा आणि आधीपासून टीममध्ये असलेल्यांचं त्याने काय केलं ते बघा. नोव्हेंबर 2021 ला हाऊ न्यूकॅसलला आला तेव्हा 11 मॅचमध्ये एकही विजय नव्हता, क्लबमध्ये नव्या सौदी मालकांचा पैसा आला होता पण प्लेयर खरेदीची खिडकी जानेवारीतच उघडणार होती. जोएलिंटन हा महागडा स्ट्रायकर, गोलच होत नव्हते, लोक हसायचे त्याच्यावर. नॉर्विचच्या मॅचला कियारन क्लार्कला नवव्याच मिनिटाला रेड कार्ड मिळालं, दहा जण उरले, जोएलिंटन मिडफिल्डमध्ये मागे आला आणि नुसता धुमाकूळ, मॅच 1-1 सुटली. त्यानंतर तो मिडफिल्डरच झाला. यूट्यूबवर त्या सीझनआधीच्या त्याच्या मॅच आणि नंतरच्या मॅच लागोपाठ लावून बघा, माणूस तोच आहे यावर विश्वास बसत नाही. जानेवारीत ट्रिपियर, ब्रूनो, डॅन बर्न हे नवे प्लेयर आले त्याचा फायदा झालाच, ते नाकारायचं कारण नाही, पण टीम 11 व्या नंबरवर संपली त्यात जुन्यांचा वाटा मोठा होता.

सोबतची माणसंही बघून ठेवा. जेसन टिंडल बोर्नमथला हाऊबरोबर खेळला, मग त्याचा असिस्टंट झाला आणि न्यूकॅसललाही तोच आहे. जुना असिस्टंट नव्या क्लबला सोबत आला असेल तर कुठली पद्धत कुणाची हे वेगळं काढणं अवघड जातं, तेव्हा सगळं क्रेडिट एकाच्याच नावावर टाकू नका.

ट्रॉफ्या अगदी शेवटी मोजा. मार्च 2025 ला वेम्बलीवर लिव्हरपूलला 2-1 हरवून न्यूकॅसलने लीग कप (इंग्लंडची एक नॉकआउट स्पर्धा) उचलला, 1955 नंतरची पहिली मोठी देशांतर्गत ट्रॉफी, एक गोल बर्नचा आणि एक इसाकचा. इंग्लिश मॅनेजरने इंग्लंडमधली मोठी ट्रॉफी जिंकायची त्याआधीची वेळ 2008 ची, पोर्ट्समथचा एफए कप, आणि तेव्हा मॅनेजर कोण तर हाच रेडनॅप.