बोरासारखा गोल, पण शेणकिडा नव्हे

बडोद्यात प्राणिशास्त्र शिकताना कीटकांकडे वळावंसं वाटणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

माझी सुरुवात दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर झाली. पहिला पाऊस पडून गेला की दिव्यासमोर पांढरी चादर टांगायची, एवढंच. एका रात्री तांबूस, बोरासारखा गोल भुंगेरा चादरीवर आदळला. उचलला तर मुठीत किरकिरायला लागला. मी वहीत ‘शेणकिडा’ लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी भिंग हातात दिलं. म्हणाल्या, “आधी शृंगिकेचे, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिकेचे, खंड मोज.”

तीनदा मोजले. अकरा! शेणकिड्यांत आठ-नऊ असतात. शिवाय याचे जबडे पुढे आलेले, वरून स्पष्ट दिसणारे. शेणकिड्यांचे मऊ, डोक्याच्या कडेखाली झाकलेले. शृंगिकेच्या टोकाला तीन खंडांचा फुगीर गेंद होता. म्हणजे हा माती खणणाऱ्या ‘जिओट्रुपिडी’ गटातला भुंगेरा. या गटातल्या ‘बोल्बोसेरास’ प्रजातीच्या नावाचा अर्थच कंदासारखी शिंगं. रंगावर किंवा डोक्यावरच्या शिंगावर विसंबू नका. शिंग बहुधा नराला, आणि लहान नरात तेही जेमतेम उंचवट्याएवढं.

यांचं खरं जगणं जमिनीखाली. रेताड, भुसभुशीत मातीत सरळ खाली बीळ खणतात, तोंडाशी ताज्या मातीची ढेकळं लोटतात. यातल्या अनेक जाती जमिनीत वाढणाऱ्या बुरशीवर जगतात. पोट उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की बुरशीचे बीजाणू दिसतात. याच गटातल्या, अमेरिकेतल्या ‘मायकोट्रुपीस’ला तर उडताच येत नाही, वरचे पंख एकमेकांना जोडलेले. मला हा भाग फार मोलाचा वाटतो, कारण दिव्यावर आलेला भुंगेरा काय खातो ते चादर कधीच सांगत नाही.

म्हणून बीळ सापडलं तर घाई नको. त्यात गवताची लांब काडी सोडा आणि काडीच्या कडेकडेने खणत जा, नाहीतर माती ढासळून वाट हरवते. खोली मोजा, आजूबाजूची मूठभर माती पिशवीत भरा. जांबुघोड्यासारख्या अभयारण्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एकही किडा उचलू नका.

नमुना जपताना टाचणी उजव्या पंखकवचातून, म्हणजे वरच्या कडक पंखातून, घाला. खाली चिठ्ठी: ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, दिव्यावर मिळाला की बिळात. माझ्या त्या पहिल्या भुंगेऱ्याला चिठ्ठी नव्हती. महिन्याभराने तारीख आठवेना, आणि तो नमुना नोंदीत घेता आला नाही. आता चिठ्ठी मी गच्चीवरच, चादर उतरवण्याआधी लिहिते.