अंदमानला प्रवाळ बघायला निघालात? या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईची मंडळी विमान, हॉटेल, फेरी सगळं महिनाभर आधी ठरवतात. भरती-ओहोटीची वेळ मात्र कोणी बघत नाही, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

नीलच्या (आताचं शहीद द्वीप) भरतपूर बीचवर नेहमी दिसणारा प्रकार: ग्रुप सावकाश जेवून येतो, तोवर ओहोटी लागलेली असते. पाणी गुडघाभर, पोहता येत नाही, म्हणून माणसं उभी राहतात ती थेट जिवंत प्रवाळावर. फांद्यांचं प्रवाळ पायाखाली कट्कन मोडतं. गोल, घट्ट प्रवाळावरचा जिवंत थर खरवडला जातो. ते वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतं. पायही कापतो. जखमेत चुरा अडकून राहतो, म्हणून ती चिघळते. भरपूर गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवा, कण चिमट्याने काढा, अँटिसेप्टिक लावा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. पुढचे दिवस पाण्यात उतरणं बंद.

निघण्याआधीच पोर्ट ब्लेअरचं (आताचं श्री विजयपुरम) भरतीचं वेळापत्रक काढा आणि पूर्ण भरतीच्या तासभर आगेमागे स्नॉर्केलिंग (मास्क-नळी लावून पाण्यावर तरंगत बघणं) ठेवा. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा आपल्याकडचा हिशेब तिथे लागू पडत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ओहोटीचं पाणी फार मागे जातं. जमलं तर अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) जा. एजंट म्हणेल, “सर, कधीही चालतं.” ऐकू नका.

दुसरी चूक मास्कची. पाणी शिरलं की लोक पट्टा आवळतात, त्याने कड दुमडते आणि पाणी आणखी शिरतं. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर धरा, नाकाने हलका श्वास ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. कडेखाली केस नकोत. मिशी असेल तर नाकाखाली थोडी कातरा. नव्या मास्कच्या काचेवर आतून कारखान्यातला थर असतो, तो गेल्याशिवाय धुकं धरणारच: पांढरी टूथपेस्ट बोटाने चोळून धुवा, दोन-तीनदा. ही तयारी ठाण्यातल्या तरणतलावात करा. बोटीवर शिकू म्हणणाऱ्यांचा अर्धा वेळ मास्क उपसण्यात जातो.

सर्दी असेल तर डायव्हिंग नाही. गोळी घेऊनही नाही. खाली असताना गोळीचा असर उतरला तर वर येताना कान-नाकात हवा कोंडते.

सनस्क्रीनचे थर देण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घाला. ऑक्सिबेन्झोन (प्रवाळाला घातक मानलं जाणारं रसायन) असलेलं क्रीम तर नकोच.

किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळसुद्धा उचलू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, विमानतळावर बॅग उघडली जाते.

लक्षद्वीपला जाणार असाल तर प्रवेश परवाना आधी हातात घ्या, तिकीट नंतर.

आणि डायव्ह सहलीच्या सुरुवातीला घ्या. शेवटची डायव्ह आणि विमान यांत 24 तास ठेवा. हवा बिघडली की फेरी रद्द होते, म्हणून शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढा.