खाऱ्या पाण्याचे मासे घेण्याआधी मे महिना आठवा

घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची ठरली की जो तो आधी माशांचे फोटो बघत बसतो. माझं सांगणं, आधी आपल्या घरातला मे महिना आठवा. पारा 42 ला, दुपारी लाईट गेलेली, नळाला आठवड्यातून एकदा पाणी. त्या दिवसांत जो तगेल तोच मासा आपला.

पाण्यापासून सुरुवात करा. आपल्याकडे बोअरचं, टँकरचं पाणी जड असतं, म्हणून आरओचंच घ्या आणि मीठ मत्स्यालयासाठी मिळतं तेच आणा. स्वयंपाकाच्या मिठाने काम होत नाही, माशांना त्यासोबत कॅल्शियम, मॅग्नेशियमही लागतं. लिटरला साधारण 35 ग्रॅम, म्हणजे 200 लिटरला 7 किलो. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे आरओचं वाया जाणारं पाणी मोरीत सोडणं मला जमत नाही. बादलीत धरतो, फरशीला वापरतो. मासे लहान आणि मोजके घ्या असं म्हणतो तेही यासाठीच. घाण कमी, तर पाणी बदलणंही कमी.

पाणी 25 ते 27 अंशांत राहायला हवं. आपली हवा कोरडी असल्याने कूलर जसा गारवा देतो, तसाच पाण्यावर सोडलेला छोटा पंखाही देतो. मात्र पाणी उडतं, मीठ मागे राहतं. त्यामुळे रोजची घट गोड्या आरओच्या पाण्याने भरा, खाऱ्याने नाही. एवढं करूनही पाणी तापत असेल तर चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लागेल, तो खर्च आधीच धरून ठेवा. बॅटरीवर चालणारा हवेचा पंपही घरात हवाच, कारण गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो.

टाकी भरल्यावर चार ते सहा आठवडे थांबा. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना घातक द्रव्यं शून्य दिसल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

आता मासे. पहिली पसंती क्लाउनफिशच्या जोडीला, तीही हॅचरीत, म्हणजे माशांची पैदास करणाऱ्या केंद्रात, वाढलेली मागा. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांचं बंदिस्त प्रजनन करून दाखवलं आहे. असे मासे टाकीतच जन्मलेले, दाणा ओळखणारे असतात आणि त्यांच्यासाठी प्रवाळातून कुणाला पकडून आणावं लागत नाही. एक मोठा, एक लहान घ्या. हे मासे सुरुवातीला नर असतात, जोडीतला वरचढ पुढे मादी होतो. समुद्रात ते ज्याच्या आसऱ्याला राहतात त्या समुद्रफुलाची (सी ॲनिमोन) त्यांना टाकीत गरज नसते. सोबतीला गोबी किंवा ब्लेनी यांसारखा एखादा छोटा मासा पुरे.

डॅमसेल स्वस्त मिळतात, पण बहुतेक भांडखोर असतात. निळा टँग तर फूटभर वाढतो, 200 लिटरमध्ये तो कोंडवाड्यातलं जनावर होईल. मँडरिन जिवंत बारीक किड्यांवर जगतो, नव्या टाकीत तो डोळ्यांदेखत उपाशी मरतो. लायनफिशचे काटे विषारी, घरात लहान मुलं असतील तर नकोच. समुद्रघोडा आणि प्रवाळ यांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. कुणी हळूच देऊ केलं तरी हात लावू नका.

टाकीवर जाळी हवीच. माझा फायरफिश एका रात्री उडी मारून बाहेर पडला. सकाळी टीव्हीच्या टेबलामागे सापडला, वाळून कडक झालेला, शेपटीचा लाल रंग तसाच. त्याच दिवशी जाळी बसवली.

मासा घेताना दुकानदाराला समोर दाणा टाकायला लावा. खात नसेल तर घेऊ नका. पोट खपाटीला गेलेलं, कल्ले भरभर हलणारे, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके, यातलं काहीही दिसलं तर परत फिरा. एकदा बाहेरगावाहून मागवलेला मासा मी नुसत्या फोटोवर घेतला. रात्रभर ट्रॅव्हल्सच्या डिकीत आलेला तो जीव तिसऱ्या दिवशी गेला. त्याचं वाईट अजून वाटतं. तेव्हापासून खातानाचा व्हिडिओ पाहिल्याशिवाय पैसे देत नाही, आणि मागवतो तेही थंडीतच.

आणलेला मासा आधी वेगळ्या छोट्या टाकीत चार आठवडे ठेवा. मग मोठ्या टाकीत शांत मासा आधी, क्लाउनफिशची जोडी शेवटी, कारण ती जागा धरून बसते. सोडाल त्या रात्री टाकीचा दिवा बंद ठेवा आणि दाणा दुसऱ्या दिवशी टाका.