गाऊसच्या पूर्णांकाचे मूळ अवयव कसे पाडायचे
गाऊसचा पूर्णांक म्हणजे अ + बआय अशी संख्या, जिथे अ आणि ब नेहमीचे पूर्णांक (आय म्हणजे √−१). ७ + ९आय घ्या. आधी नॉर्म, म्हणजे अ² + ब², काढा: ७² + ९² = १३०. त्याचे नेहमीचे अवयव २ × ५ × १३.

२ आला की १ + आय ने भागायचं. उरतं ८ + आय. ५ साठी उमेदवार दोन, २ + आय आणि २ − आय. घोळ इथेच होतो: नॉर्म दोघांचा ५ च, पण भाग एकाचाच जातो. भागताना अंश आणि छेद दोन्हींना छेदाच्या अनुबद्ध संख्येने (आय चं चिन्ह उलटं केलेल्या) गुणून तपासा. २ + आय ने भागलं तर (१७ − ६आय)/५ येतं, पूर्णांक नाहीत, म्हणजे बाद. २ − आय ने नेमकं ३ + २आय. नॉर्म १३, म्हणून तो मूळच.

उत्तर: (१ + आय)(२ − आय)(३ + २आय). गुणून पडताळाच.

३, ७, ११ सारख्या, ४ ने भागून बाकी ३ उरणाऱ्या मूळ संख्या फुटतच नाहीत. नॉर्ममध्ये त्यांचा घात नेहमी सम असतो. दुसऱ्याचं उत्तर −१ किंवा ±आय च्या गुणकाने वेगळं दिसलं, तर ते चूक नव्हे.